सहा किलोंचं स्वयंपाकघर

तो पूल तपासायचा. पुलाखाली उतरायचं, हातोडीने काँक्रीट ठोकायचं, कुठे पोकळ वाजतंय ते ऐकून कागदावर उतरवायचं, ही त्याची नोकरी. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना कंपनीने त्याला फिरतीवर टाकलं. दर दोन-अडीच महिन्यांनी नवं गाव आणि नवं भाड्याचं घर. एरवी तो एकटाच गेला असता. पण चार महिन्यांपूर्वी बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, हात मात्र नुसता लोंबत राहिला. तिला मागे ठेवायचं तरी कुणाच्या भरवशावर? एकुलती एक लेक परदेशात.

बायको म्हणजे मुलींच्या वसतिगृहाची मावशी. सव्वीस वर्षं तिने तिथलं स्वयंपाकघर चालवलं. दोन्ही वेळा दोनशे ताटं. हाताखालच्या बायका तिला टरकून असायच्या.

“घरमालकीण म्हणते, घरात सगळं आहे,” त्याने फोन ठेवत सांगितलं.

“भाड्याच्या घरातलं सगळं म्हणजे काय ते मला विचारा. एक बोथट सुरी, खरवडलेला तवा आणि सतरा कप.”

कंपनीकडून प्रवासात ठरावीक वजनाच्या दोनच बॅगा न्यायला परवानगी होती. त्यात तिची औषधं, मालिशचं तेल, त्याचे बूट, हेल्मेट. सगळं भरून स्वयंपाकघराच्या वाट्याला सहा किलो उरले. ती खुर्चीत बसली आणि डाव्या हाताने खुणा करत एकेक वस्तू काढायला सांगू लागली.

“सांडशी घ्या.”

“ही?”

“तो चिमटा. तीस वर्षं या घरात जेवताय, अजून सांडशी ओळखता येत नाही.”

तो हसला. ती चिडली की त्याला जरा बरं वाटायचं. तिने स्वतःची सुरी घ्यायला लावली, पात्याला पुठ्ठा बांधून, वर फडका गुंडाळून. मग सोलाणं, छोटी किसणी, लाकडी उलथनं, गाळणी, कापायची फळी. आणि जाड बुडाचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं.

“अगं, पावणेदोन किलोचं आहे हे.”

“असू दे. पातळ पातेल्यात जेवण जळतं, मग माणूस चिडतो.”

डबे फोडायचं यंत्र त्याने वर धरलं तेव्हा खुणा करणारा तिचा हात थांबला. ते चालवायला एका हाताने डबा धरावा लागतो, दुसऱ्याने चावी फिरवावी लागते. त्याच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. आत्तापर्यंत बॅगेत टाकलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचं तेच होतं.

“ते राहू द्या,” ती म्हणाली.

पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. शेगडी काचेची, गुळगुळीत, विजेवर चालणारी. पातेलं ठेवलं की ती टुंक टुंक वाजायची आणि बंद पडायची. त्याने घरमालकिणीला फोन लावला.

“चुंबक चिकटेल तेच भांडं चालतं हो त्याच्यावर,” ती म्हणाली.

फ्रिजवरचं चुंबक काढून त्याने पातेल्याला लावलं. ते घसरून खाली पडलं. त्याने पातेलं कपाटात ठेवून दिलं आणि बायकोकडे न बघताच म्हणाला, “घरातलं वापरू.” घरातल्या पातळ भांड्यात पहिल्याच दिवशी भात करपला.

तिसऱ्या दिवशी तो साडेपाचला परतला. हाक मारली, उत्तर नाही. ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती, कपाटाला पाठ टेकून. लुगडं कमरेखाली ओलं. सुरी ओट्यावर, कांदा टेबलाखाली.

“कांदा पळाला,” ती म्हणाली. “धरायला वाकले.”

“कधी?”

“अकराला.”

“अगं, फोन...”

“आतल्या खोलीत होता. दोनदा ओरडले. मग लाज वाटली.”

त्याने काखेत हात घालून तिला उचलायचा प्रयत्न केला. त्याचा गुडघा दगा देत होता. तिसऱ्या खेपेला ती खुर्चीपर्यंत आली, तोवर दोघांनाही धाप लागली होती. शे-दीडशे टनांचा पूल किती भार सोसेल हे त्याला सांगता यायचं. बायकोला जमिनीवरून कसं उचलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. दोन न गंजणारे खिळे आणले, फळीला खालून ठोकले, टोकं वर काढली. त्यावर कांदा रोवला की हलत नव्हता. फळीखाली ओला फडका घातला. मोठ्या उत्साहाने त्याने तिला ओट्यापाशी बसवलं.

तिने डाव्या हाताने कांदा कापला. वेळ लागला. फोडी जाड, वेड्यावाकड्या. तिने त्या बराच वेळ पाहिल्या.

“छान केलंय तुम्ही,” ती म्हणाली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला नव्याने आलेली एखादी पोरगी आठवडाभरसुद्धा टिकणार नाही हे ओळखून तिच्याशी ती ज्या गोडीने बोलायची, तोच आवाज होता. मग तिने सुरी खाली ठेवली. त्यानंतर फळीला हात लावला नाही.

“बाबा, सरळ डबा लावा,” लेक फोनवर म्हणाली. त्यांनी लावला. तो गार यायचा.

अडीच महिन्यांनी दुसरं गाव आलं. तिथे गॅस होता.

“अगं, खरी ज्योत आहे बघ!” तो आतून ओरडला. ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. तिने मान वळवली, पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली.

आता तोच स्वयंपाक करू लागला. आधी तो आतून विचारायचा, पाणी किती, आच केवढी, आणि ती सांगायची. हळूहळू उत्तरं आखूड झाली. मग एक दिवस ती म्हणाली, “तुम्हीच बघा आता. तुम्हाला जमेल.”

त्या दिवशी त्याने बटाट्याची भाजी केली. मीठ घातलं की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. ताटं वाढली. पहिला घास घेतल्यावर त्याचं तोंड वाकडं झालं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती सावकाश जेवत होती, घासामागून घास.

“खारट झालंय ना गं?”

“चालतंय.”

“अगं, तोंडात धरवत नाहीये.”

“चालतंय हो. जेवा.”

तिने ताट भिरकावून दिलं असतं तर ते उचलायला तो आनंदाने उठला असता. तिने पाण्याचा घोट घेतला आणि शेवटची फोड चमच्याने कडेला ओढून तोंडात घातली.