खुर्चीला चिकटलेला शब्द

मी 'इन्कोएट' बोलतोय. मी एक इंग्रजी शब्द. नुकतंच सुरू झालेलं, अजून आकाराला न आलेलं काही दिसलं, की लोक माझी आठवण काढतात. तेही मोजकेच. वकील आणि प्राध्यापक सोडले तर माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सगळा जन्म शब्दकोशात लोळण्यात गेला.

एक दिवस मात्र मी खुर्च्यांच्या कारखान्यात जाऊन पडलो. तिथल्या उस्तादांना जड शब्दांची भारी हौस. त्यांच्या हाताखालच्या मुलीनं पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं खुर्ची जोडली होती, नुसती दोरीनं आवळून. तिथली रीतच तशी: उस्ताद बसून बघत नाहीत तोवर सांध्यांना सरस लावायचा नाही. उस्तादांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, "इन्कोएट आहे," म्हणाले, तेवढ्यात फोन वाजला आणि ते निघून गेले. बसलेच नाहीत.

मुलीचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन तिनं कोश उघडला, माझा पहिला अर्थ वाचला, 'अपुरा, कच्चा', आणि कोश मिटला. माणसांची ही खोड मला मुळीच आवडत नाही. मनाला लागेल असं काही सापडलं, की पुढचं वाचतंय कोण.

"मी आता जाणार नाही तिथे," ती आत्याला म्हणाली. "खुर्ची मोडते आणि मोकळी होते."

आत्यानं चष्मा शोधला. "अगं, खालचं तरी वाच. मूळ लॅटिन. नांगर जुवाला बांधायचा पट्टा असतो ना, त्यावरून आलाय म्हणे. म्हणजे बैल जुंपलेत, नांगरणी व्हायचीय."

"मग?"

"मग नांगर की. मोडायची कसली घाई?"

माझी जन्मकथा इतक्या वर्षांत कुणी मोठ्यानं वाचली नव्हती. खरं सांगतो, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी ती मनात धाकधूक घेऊनच कारखान्यात गेली. उस्ताद तिच्या खुर्चीत बसून चहा पीत होते.

"मागचा डावा पाय डुगडुगतोय," ते म्हणाले. "तेवढा तास आणि लाव सरस."

"काल तुम्ही बसलाच नाहीत."

"काल बसलो असतो तर उठवलं नसतं मला. कामं पडली होती."

पाय तासला गेला, सरस लागला, आणि मी परत कोशात आलो. त्या खुर्चीला आता मी लागू पडत नाही. उद्या तुमच्या कामाला कुणी मला चिकटवलं, तर रुसू नका. मला खोटं पाडा. मला फार आनंद होईल.