पहिले आलेले

यामचा कंद सोलता सोलता म्हातारीनं सुरी थांबवली.

"पुन्हा वाच."

फोलारिननं गावदिनाची पुस्तिका पुन्हा उघडली. लिहिली होती निवृत्त हेडमास्तर अदेतिबांनी, पण समितीत तोही होता.

"'गावातल्या चारही आळ्या इफे नगरीच्या राजपुत्राबरोबर इथे आल्या. टेकडीखालची आळी सर्वांत शेवटी आली.'"

"म्हणजे आपण."

"हो, आई."

"मग त्या राजपुत्राला बसायला जागा कुणी दिली? झरा कुणी दाखवला?"

"अगं, शेजारच्या गावांत सगळे स्वतःला एका बापाचे म्हणवतात. आपणच चार बोल्या नि चार गोष्टी घेऊन बसायचं? शाळेत मला डोंगरी माकड म्हणायचे. विसरलीस?"

"मी नाही विसरले. तू त्यांना शाई पुरवलीस."

तो उठून गेला. तिनं कंद सोलून संपवला.

गावदिनाला जमिनीला पाणी पाजायचा मान टेकडीखालच्या आळीचा. जमीन आधी त्यांना ओळखत होती, म्हणून. आळीच्या जुन्या बोलीतली प्रार्थना आता एकट्या म्हातारीला येत होती. गावभर तिला 'इया फोलारिन', फोलारिनची आई, म्हणत. गावच्या राजासमोर अदेतिबांनी तिच्या हाती पाण्याचा भोपळा दिला.

तिनं तो परत केला.

"पहिले आले त्यांनी ओतावं, मास्तर. पुस्तकात लिहिलंय तसं."

"इया, आज नको," अदेतिबा हळूच म्हणाले. "लोक बघताहेत. आणि शब्द कुणाला येतात?"

तिनं हात मागे घेतले. राजाची छत्री धरणाऱ्यानं हात बदलला. मंडप गप्प झाला. तिला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, असं का?

फोलारिन पुढे आला. त्यानं मास्तरांच्या हातून भोपळा घेतला आणि सगळ्यांना समजेल अशा साध्या योरुबा भाषेत पाऊस मागितला, पीक मागितलं, शहरात गेलेल्या पोरांना नोकऱ्या मागितल्या. पाणी ओतलं. जमिनीनं ते दरवर्षीसारखंच पिऊन टाकलं.

"आशे!" मंडप गरजला. तसंच होवो. ढोल सुरू झाले.

ती जागेवर येऊन बसली तशी शेजारच्या बाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला. डोळे पुसत होती बाई.

"काय बोलला गं तुझा लेक! इतकी वर्षं आम्ही नुसती मान हलवायचो. आज शब्द न् शब्द कळला."