सुयांचे खापर माझ्याच माथी

मी एक जुना हंडा आहे. पाण्याचा नव्हे हो, औषधांच्या कारखान्यातला, पोलादी, पोटात रवी फिरणारा. मित्रांनो, आधीच सांगतो, मी पार वैतागलेला आहे. चार शब्द कडू निघाले तर सांभाळून घ्या.

माझे काम ऐकायला सोपे आहे. आकडीवरचे औषध गरम द्रावणात विरघळवून माझ्यात ओततात. माझ्या दुहेरी भिंतीतून गार पाणी फिरते, द्रावण निवते आणि औषधाचे स्फटिक तयार होतात. मला चालवणारे मामा त्यात आधीच्या चांगल्या स्फटिकांची चिमूट टाकतात. आम्ही त्याला विरजणच म्हणतो. सावकाश निवू दिले की साखरेसारखे टपोरे दाणे पडतात. घाई केली की सुया पडतात, केसासारख्या बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या. औषध तेच असते, पण सुया सुकता सुकत नाहीत आणि गोळ्यांच्या यंत्रात उतरता उतरत नाहीत.

एवढी साधी गोष्ट. तरीही ऑर्डर तुंबली की साहेब येतात.

"मामा, गार पाणी पूर्ण सोडा. शेवटी थंडच व्हायचंय ना, मग आत्ताच होऊ दे."

मामा मान डोलावतात आणि नळ सोडतात. मला हुडहुडी भरते आणि पोटात सुयाच सुया होतात.

मागच्या खेपेला गोळी विभागाच्या बाई मूठभर पावडर घेऊन वर आल्या.

"साहेब, ही पावडर आहे की कापूस? यंत्राला ठोकून ठोकून हात दुखले. एका गोळीत औषध जास्त, दुसरीत कमी."

"हंडा जुना झालाय, बाई. जरा घ्या सांभाळून."

"नाही घेणार. माझा धाकटा भाऊ हीच गोळी खातो. औषध कमी पडलं तर भर रस्त्यात कोसळतो तो. मी यंत्र बंद करून आलेय."

साहेबांना ऐकावेच लागले. सगळा माल पुन्हा विरघळवून माझ्यात ओतला आणि या वेळी मामांना हवा तेवढा वेळ दिला. दाणे असे सुरेख पडले की चाळणीतून झरझर खाली उतरले. कौतुक कोणाचे झाले? मध्यंतरी बसवलेल्या नव्या रवीचे. तोवर मात्र येणारा-जाणारा माझ्या नावाने शंख करत होता. एकाने तर बुडाला लाथही मारली. राग येणार नाही तर काय?

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी अशा हंड्यापाशी उभे राहील. त्याने नळाला हात घालण्याआधी एवढेच आठवावे की आत निवते आहे ते कोणीतरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळणार आहे.

हे आजच सांगतो आहे, कारण ऑर्डर पुन्हा तुंबली आहे आणि साहेब माझ्याजवळ उभे आहेत. बाई रजेवर आहेत, भावाला डॉक्टरकडे दाखवायला नेले आहे. त्यांच्या यंत्रावर आज जो बसला आहे, तो साहेबांना कधी नाही म्हणत नाही. मामांनी मान डोलावली आहे. माझ्या भिंतींना गार लागू लागले आहे.