रोलरवर दुसरा माणूस

चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रोलरवर दुसरा माणूस द्यायचं कंपनीने कबूल केलं. सह्याही झाल्या. पण असं काही झालंच नाही असं आपण धरून चालू, कारण रोलरवाला तसंच धरून चालतो.

तर लॉन्ड्रीत वाटाघाटी चालू होत्या. टेबलाशी युनियनची कमिटी, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्यांवर बाकीचे सभासद. भिंतवाल्यांनी नुसतं बघायचं, बोलायचं नाही. बोलणी मोडायची झाली तर भिंतीकडच्या पहिल्या खुर्चीवरच्याने उठायचं आणि सगळ्यांनी त्याच्यामागून बाहेर पडायचं, असं ठरलेलं. ही पहिली खुर्ची रोलरवाल्याची. टेबलाजवळची, गोल फिरणारी खुर्ची मात्र त्याच्या साडूची.

"भावोजी टेबलाला," बायको सकाळी डबा भरताना म्हणाली होती, "आणि तुम्ही?"

"भिंतीला."

"पालीसारखे?"

साडू ड्रायरवर कामाला. रोलरजवळ यायचा तो फक्त थंडीत, हात शेकायला. तोच आता मॅनेजरबाईंपुढे बोटं नाचवत होता. "मॅडम, एकट्याने ओली चादर लावताना आमची बोटं भाजतात हो! घास उचलवत नाही!"

रोलरवाल्याने स्वतःच्या बोटांवरचे फोड पाहिले. फोड इथे आणि कळ तिथे! बाईंचे डोळे पाणावले. त्यांनी बिस्किटांची बशी साडूपुढे सरकवली. साडूने त्यातलं क्रीमचं उचललं.

"किती सोसलंय बिचाऱ्याने," शेजारची शिवणवाली पुटपुटली.

झालं. रोलरवाल्याच्या पोटात इतकं दुखायला लागलं की त्याला बसवेना. तो उठला आणि पाणी प्यायला नळाकडे निघाला. मागे खुर्च्यांचा खडखडाट झाला. अख्खी भिंत त्याच्यामागून चालू लागली.

"अहो थांबा!" बाई ओरडल्या. "दिला दुसरा माणूस!"

लोकांनी खांद्यावर घेतलं ते साडूला. "काय बोललास लेका!" एक पाय रोलरवाल्यालाही धरावा लागला. जड होता.

मग दुसरा माणूस कोण, असा प्रश्न आला. रोलरचं दुःख ज्याला एवढं कळतं तोच, असं कमिटीने एकमताने ठरवलं.

सोमवारी साडू नवे हातमोजे घालून हजर. "सरका जरा साडूभाऊ. चादर अशी नाही लावत."

जेवणाच्या सुट्टीत रोलरवाला कमिटीपुढे ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "सदर मागणी फेटाळण्यात आली आहे असे समजावे, साडूंना पूर्ववत ड्रायरवर पाठवावे आणि अर्जदारास एकट्याने भाजून घेण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."