चायोसाठी कोणती घंटा

चायो सकाळी सातला गेली, आणि आठ वाजून गेले तरी तिच्या बापाने घंटा वाजवली नव्हती. चौकात मक्याच्या वाफवलेल्या पानग्या विकणारी तमालेवाली, बूट पॉलिशवाले, बाकांवर ऊन खात बसलेले म्हातारे, सगळ्यांना बातमी कळली होती. पण कळून काय उपयोग? कॅथेड्रलची घंटा वाजल्याशिवाय आमच्याकडे माणूस मेलं असं कुणी धरत नाही.

बाप, म्हणजे क्रेसेन्सिओ, कॅथेड्रलच्या मागच्या खोलीत हातात टोपी धरून बसला होता. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे याच मनोऱ्यात दोर ओढत म्हातारे झाले. हे कॅथेड्रल दोनदा भूकंपात कोसळलं. तिसऱ्यांदा बांधताना स्पेनच्या लोकांनी भिंती दोन माणसं आडवी झोपतील इतक्या जाड केल्या, मनोरे बुटके ठेवले, आणि दगडांसाठी टेकडीवरचं आमचं जुनं देऊळ मोडलं. वाहून आणले ते आमच्याच पूर्वजांनी. देव बदलला, पाठ तीच राहिली, असं क्रेसेन्सिओचा आजा म्हणायचा. थोरली घंटा तोमासा चौकातच ओतली. तेव्हा बायकांनी कानातले डूल काढून उकळत्या धातूत टाकले, म्हणून तिचा आवाज बाईचा आहे म्हणतात. खरं-खोटं तोमासाला ठाऊक.

रिवाज तेव्हापासूनचा. पुरुष गेला तर तोमासाचे तीन टोले, बाई गेली तर दोन, थांबून थांबून. पण सात वर्षांच्या आतलं लेकरू गेलं, तर तोमासाला हात लावायचा नाही. तीन धाकट्या घंटा लग्नात वाजतात तशा घणघण वाजवायच्या. लेकराला पाप नसतं, ते सरळ स्वर्गात जाऊन देवदूत होतं. मग रॉकेटं उडवायची, गरम चॉकलेट वाटायचं, आणि आईबापाने रडायचं नाही. रडलं तर त्याचे पंख भिजतात आणि बिचारं अर्ध्या वाटेत अडकतं.

चायो चौतीस वर्षांची होती. पण तिला दोनच्या पुढे मोजता येत नव्हतं. बुटांच्या नाड्या आई बांधायची. रोज बापाचा हात धरून ती मनोऱ्याच्या एकशे बावन्न पायऱ्या चढायची, सगळ्यात धाकट्या घंटेचा दोर ओढायची आणि त्या आवाजात गोल गोल नाचायची. तोमासाला मात्र फार घाबरायची. टोला पडला की कानांवर हात ठेवून बापाच्या सदऱ्यात तोंड खुपसायची. "बाबा, ती रागावली," म्हणायची.

"कोंपाद्रे, मन घट्ट करा," फिदेन्सिओ म्हणाला. कॅथेड्रलची देखभाल त्याच्याकडे होती. चायोच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरलं होतं ते त्यानेच, तिचा धर्मबाप म्हणून. तेव्हापासून हे दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आणि एर्मिनियाला तो कोमाद्रे म्हणे. "दोन टोले द्या. चौतीस वर्षांची बाई होती ती, देव तिला शांती देवो. हे बघा, कॅथेड्रलच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय. तीनशे वर्षांत आपल्या घंटेने गावाला खोटं सांगितलेलं नाही."

क्रेसेन्सिओ उठला. तेवढ्यात दारात त्याची बायको एर्मिनिया येऊन उभी राहिली. लेकीला आंघोळ घालून ती तशीच आली होती. हात अजून ओले होते.

"म्हाताऱ्या, कोणती वाजवणार आहेस?"

"दोन टोले," तो खाली बघत म्हणाला.

"तोमासाचे? तिला भीती वाटते तिची."

"वाटायची, कोमाद्रे," फिदेन्सिओ हळूच म्हणाला. "आता नाही वाटत."

एर्मिनिया त्याच्याकडे वळली. "कोंपाद्रे, चायो बारा वर्षांची असताना मी एक पांढरा झगा शिवला होता. बाह्यांना लेस लावली होती. आठवतो?"

फिदेन्सिओने मान डोलावली.

"तिच्या बरोबरीच्या पोरी पाद्र्याकडून जिभेवर पहिली पवित्र भाकर घ्यायला रांगेत उभ्या होत्या. ही पण जीभ बाहेर काढून उभी होती, वेडी. तेव्हा याच खोलीत, याच पुस्तकावर बोट ठेवून तुम्ही काय म्हणालात? समज आल्याशिवाय भाकर देता येत नाही. ही लेकरू आहे, जन्मभर लेकरूच राहणार. मी झगा घडी करून पेटीत ठेवला. जगली तोवर लेकरू, आणि मेल्यावर बाई झाली होय? आज सकाळी सातला समज आली तिला?"

त्या दिवशीही क्रेसेन्सिओ असाच हातात टोपी धरून उभा होता. मोठी माणसं म्हणतात तर बरोबरच असेल, असं म्हणून त्याने पोरीला रांगेतून ओढून काढलं होतं. तिने विचारलं होतं, "बाबा, मला खाऊ नाही?" बावीस वर्षं तो प्रश्न त्याच्या घशात अडकला होता.

"लोक विचारतील," फिदेन्सिओ म्हणाला, "कोणाचं लेकरू गेलं?"

"सांगा, माझं."

फिदेन्सिओने पुस्तक मिटलं. "पण कोमाद्रे, मग रडता यायचं नाही. तुम्हा दोघांनाही. विचार केलात का?"

"केला," एर्मिनिया म्हणाली. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते.

क्रेसेन्सिओने टोपी डोक्यावर घातली आणि जिना चढू लागला. साठाव्या पायरीवर चायो दम खायला बसायची, तिथे तो सवयीने थांबला. वर पोचल्यावर त्याने तोमासाकडे पाठ केली आणि धाकट्यांचे दोर हातात घेतले.

खाली चौकात तमालेवालीने हातातला चिमटा ठेवला. "अगं बाई, ही तर लेकराची! कोणाचं गेलं?"

"क्रेसेन्सिओचं," बाकावरचा म्हातारा म्हणाला.

तिने क्षणभर विचार केला आणि छातीवर क्रूस काढला. "मग बरोबर आहे," म्हणाली.

वर घंटांनी एकच कल्लोळ मांडला होता. क्रेसेन्सिओचं तोंड उघडलं होतं, पण त्याचा आवाज त्याच्याच कानांना ऐकू येत नव्हता. ओरडतोय की रडतोय ते कळायला त्याला वेळ लागला. मग त्याने स्वतःला आवरलं नाही. दोर ओढत तो लहान पोरासारखा धाय मोकलून रडला.

रिवाज पाव तासाचा. तासभर झाला तरी घंटा थांबेनात, तेव्हा फिदेन्सिओ जिन्याशी आला. पहिल्या पायरीवर एर्मिनिया वाट अडवून बसली होती.

"राहू द्या, कोंपाद्रे," ती म्हणाली. "त्याचं अजून झालं नाही."

दिवसभर माणसं येत राहिली. चायोच्या अंगावर तो पांढरा झगा नुसता पांघरला, कारण बसत नव्हताच. डोक्याला कागदी फुलांचा मुकुट, पाठीशी कागदी पंख. रॉकेटं उडाली. एर्मिनियाने प्रत्येकाच्या पेल्यात चॉकलेट ओतलं, प्रत्येकाला पाव घ्यायचा आग्रह केला. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका म्हणाल्या, धीराची आहे हो.

दिवस कलला तेव्हा ती नवऱ्याजवळ येऊन बसली. त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"उद्या कोंपाद्रे तिला न्यायला येतील," ती म्हणाली. लेकराला दफनाला धर्मआईबाप नेतात, आईबाप मागे राहतात. "तेव्हा परत वाजवायच्या ना?"

"हो."

"मग मला वर ने."

चाळीस वर्षांच्या संसारात ती कधी मनोरा चढली नव्हती. "एकशे बावन्न पायऱ्या आहेत, एर्मिनिया. तुझे गुडघे..."

"चढेन मी," ती म्हणाली. "एक दोर मला दे. धाकट्यांतल्या मोठ्यात मोठ्या आवाजाचा."