रुळातली गाठ

मी गाडी बोलतेय. जरा हळू बोलते, रागावू नका. मोठ्यानं बोलायची सवय मला लागलीच नाही. पहिल्या घरी हॉर्न वाजवायची वेळसुद्धा क्वचित यायची. मला बघितलं की लोक आपोआप बाजूला व्हायचे.

आता माझ्या कुशीवर निळ्या रंगावर 'शुभारंभ शिफ्टिंग, राहुरी' असं लिहिलेलं आहे. खाली एक छोटं घर काढलंय. पेंटरनं हौसेनं त्याच्या दारात तुळसही काढली. पण सकाळचं तिरकं ऊन अंगावर आलं, की त्या निळ्या रंगाखालून जुनी अक्षरं फुगून दिसतात. तेवढा वेळ मी जीव मुठीत धरून उभी असते. ऊन वर चढलं की सुटते.

ती अक्षरं आहेत, 'शववाहिनी'.

झालं. सांगितलं एकदाचं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, मी शाळेची व्हॅन होईन. माझ्या शेजारी उभी असलेली एक तशी झाली, दुसरी पावाची झाली. मला नगरच्या एका व्यापाऱ्यानं वडिलांच्या स्मरणार्थ एका ट्रस्टला दिलं. मग फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेऊन माझ्या पोटात दोन लोखंडी रूळ बसवले. त्यावरून चाकांचं स्ट्रेचर आत सरकायचं. वेल्डिंग करणाऱ्याचा हात जरा हलला आणि डाव्या रुळात एक छोटी गाठ राहिली. चाक तिच्यावरून गेलं की 'टक' असा आवाज यायचा. कुणी तक्रार केली नाही. माझ्यातून जाणारी माणसं तक्रार करणारी नव्हती.

माझ्यात रोज फुलं असायची, पण माझ्यासाठी एकही नसायचं. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन पुसून माळा घालून उभ्या राहायच्या. मी ट्रस्टच्या भिंतीमागे. ड्रायव्हर रामहरी तेवढा संध्याकाळी गुपचूप एक झेंडू माझ्या आरशाला अडकवायचा आणि इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना. त्याचंही बरोबर होतं. मला झेंडू लावला तर लोकांना तो कुठून आला असंच वाटणार!

रस्त्यात माणसं हात जोडायची, पण त्यांचे डोळे माझ्याकडे नसायचे. आया लेकरांची तोंडं पदरात घ्यायच्या. मला वाटायचं, मी असं काय केलंय? आणि मग वाटायचं, काहीतरी केलंच असेल. लाजेचं असं असतं. ती आधी येते, कारण मागाहून शोधावं लागतं.

पुढे ट्रस्टनं एसी असलेली नवी गाडी घेतली आणि मी भिंतीमागेच राहिले. मला घ्यायला कुणी येईना. यायचे, किंमत ऐकून खूश व्हायचे, मागचं दार उघडायचे आणि घरी विचारून सांगतो म्हणून जायचे.

तिथं एक दिवस वृषाली आली, वडिलांना घेऊन. वृषाली नगरला कॉलेज शिकलेली. एका कुरिअरच्या ऑफिसात होती, ते ऑफिस बंद पडलं. वडील सोपानराव, जन्मभर दुधाचा टँकर चालवलेले. घरं हलवायचा धंदा काढायचा हे तिच्या डोक्यातून निघालेलं. कुरिअरमध्ये असताना तिनं पाहिलं होतं, लोक टीव्ही गादीत गुंडाळून पाठवतात आणि मग फुटला म्हणून रडतात.

माझं दार उघडताना बिजागरी किर्र वाजली आणि ती दचकून दोन पावलं मागे गेली. मीही दचकले. आम्ही दोघी सारख्याच.

"पप्पा, नको. लोक काय म्हणतील?"

"लोखंडाला कसला आलाय इटाळ?" सोपानराव म्हणाले. "तुज्या आज्ज्याला काय ईमानातनं नेलं व्हतं? ह्यातनंच नेलं आसंल. त्याला चाललं, तुला चालत न्हाई व्हय?"

"आणि गिऱ्हाइकानं विचारलं तर?"

"गिऱ्हाईक इचारतंय का तुला, हातगाडीवर आदी काय व्हतं म्हनून?"

मला रंग दिला. स्ट्रेचरवर प्लायवूड ठोकून त्याची फळी केली. रूळ काढायला निघाले, तर ते माझ्या तळाशी असे जोडलेले, की काढले तर मीच उकलले असते. ते राहिले. सोपानराव रुळातली गाठ ग्राइंडरनं घासून टाकू म्हणायचे, रोज म्हणायचे आणि रोज राहून जायचं.

आणि काय सांगू, त्या रुळांनीच धंदा चालवला! फ्रिज असो, गोदरेजचं कपाट असो, फळीवर उभं केलं की सर्रकन आत. ओरखडा नाही, हमालांच्या शिव्या नाहीत. भिंगारला लष्करातल्या एका बाईंनी तर टाळ्याच वाजवल्या. भिंगारची गिऱ्हाइकं आमची भरवशाची. बदलीच्या हुकुमाला पितृपक्ष नसतो, अमावास्या नसते. बाकीच्यांचं सगळं मुहूर्तावर. आधी देव, मग पाण्याचा तांब्या, मग दूध उतू घालवायचं पातेलं. जुना झाडू कुणी न्यायचा म्हणतं, कुणी नाही, आणि त्यावरून नवराबायकोत माझ्या पायरीपाशी जुंपते.

घर रिकामं करताना माणसं फार लाजतात, हे मला नव्यानं कळलं. कपाटामागची जळमटं, गादीवरचे डाग, तुटलेल्या पायाखाली ठेवलेली वीट. सगळं उजेडात येतं आणि शेजारी गॅलरीतून बघत असतात. बाई पटकन आडवी येऊन म्हणते, "ते राहू द्या, ते मी घेते." मला त्यांच्याबद्दल माया वाटायची. वाटायचं, बाई, तुझं गादीवरचं आहे. माझं तर अंगभर आहे.

मग एकानं विचारलंच. "हे रूळ भारी आहेत हो. कुठून आणले?"

वृषालीची मान लाल झाली. "खास बनवून घेतलेत," ती म्हणाली. "फर्निचरसाठी."

एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पुढच्या वेळी तिला बोलताना अडखळायला झालं नाही. त्याच्या पुढच्या वेळी तिनं रुळांचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लावला, 'खास सरकती सोय, फक्त आमच्याकडे'. सोपानराव हसून म्हणाले, "ह्ये मातर खरं हाय. फक्त आपल्याकडंच हाय." ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही. पण खोटं का सांगू, कौतुक ऐकायला बरं वाटायचं. ते बरं वाटणंच आता आठवलं की टायरपासून काचेपर्यंत शरमते.

या उन्हाळ्यात राहात्याचं काम आलं. कानिफनाथ नावाचे गृहस्थ, नगरला नोकरीला. सावेडीत फ्लॅट घेतलेला, आणि राहात्याचं घर बंद करून आईला तिकडे न्यायचं होतं. आईचं नाव भागीरथीबाई. बारीक चणीची, नऊवारीतली, बोलायला फटकळ.

"सामान तुमचं न्हाई, माजं हाय," तिनं आम्ही पोचल्यापोचल्या हमालांना सांगितलं. "कपाट आडवं केलंत तर तुमाला आडवं करीन."

"आजी, उभंच नेतो," सोपानराव म्हणाले. "आपल्या गाडीत कपाट माणसावानी जातं."

"आन मी? मी माज्या सामानासंगं येनार. ह्याच्या कारमदी मला मळमळतं."

"बसा की म्होरं, आमच्यासंगं."

सून रुपाली वृषालीजवळ उभी होती. रूळ बघून तिनं तोच प्रश्न विचारला आणि वृषालीनं तेच उत्तर दिलं, खास बनवून घेतलेत, ताई. तेवढ्यात हमालांनी कपाट फळीवर चढवलं आणि आत लोटलं.

टक.

दारात उभी असलेली भागीरथीबाई जागच्या जागी थांबली. हातातलं देवांचं गाठोडं तिनं छातीशी धरलं.

"मागं घ्या ते," ती हमालांना म्हणाली.

"का आजी? नीट गेलंय की."

"घ्या म्हनलं ना."

त्यांनी मागे घेतलं. टक. पुन्हा आत. टक.

ती जवळ आली. गाठोडं एका हातात धरून दुसऱ्या हातानं तिनं माझ्या भिंतीवरची दांडी चाचपली. स्ट्रेचरशेजारी बसणाऱ्या माणसानं धरायची दांडी. आता आम्ही तिला दोर बांधतो.

"कुठं बनवली म्हनलीस गाडी?" तिनं विचारलं.

"न-नगरला आजी. एमआयडीसीत."

"फर्निचरसाठी."

"हो."

"नवी."

वृषालीनं दांडीवरचा दोर उगाच सारखा केला. मी मनात म्हणत होते, सांग, आता तरी सांग. आणि त्याच वेळी म्हणत होते, नको गं, नको सांगू. बाहेर अख्खी गल्ली जमली होती. रुपालीच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं.

"नवीच आहे, आजी," वृषाली म्हणाली.

"व्हय का," भागीरथीबाई म्हणाली. मग लेकाकडे वळली. "कानिफ, मला यष्टीत बशिव. मी यष्टीनं येते."

"अगं आई, आत्ताच तर म्हणालीस सामानासंगं..."

"म्हनले. आता न्हाई म्हनते."

कानिफनाथ डोक्याला हात लावून कार काढायला गेले, रुपाली मागोमाग. तेव्हा म्हातारीनं वृषालीला माझ्या मागच्या दाराशी बोलावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"आमच्या ह्यास्नी ह्याच गाडीनं आनलं व्हतं. नगरच्या दवाखान्यातनं हितवर. गतिरोधक आला की चाक वाजायचं, टक. मला वाटायचं, त्येंना लागतंय. म्हनून एक हात ह्या दांडीला आन एक त्येंच्यावर. सबंद वाट हात काढला न्हाई मी."

वृषाली ओढणीचं टोक पिळत होती.

"तू सांगितलं आसतंस, तर म्होरंसुदा बसले नसते गं पोरी. हितंच, मागं बसले आसते, कपाटापाशी. त्येंचं कपाट हाय ते." तिनं गाठोडं सावरलं. "पर तू तर म्हनतीस नवीच हाय. म्हंजे आमचं मानूस ह्याच्यात आलंच न्हाई. मग मी कुनापाशी बसू?"

ती निघून गेली. लेकाला, सुनेला, कुणाला एक शब्द सांगितला नाही. आमचा धंदा तिनं शाबूत ठेवला, आणि त्यानं आम्हाला आणखीच खाली बघायला लावलं.

वाचकहो, मला ती आठवली नव्हती. एवढ्या लांब माझ्यात बसून आलेली बाई मला ओळखू आली नाही. माझी गाठ तिनं ध्यानात ठेवली, मी तिचा हात विसरले. रंगाखाली तोंड लपवायच्या नादात मी माझी माणसंच पुसून टाकली होती.

सावेडीपर्यंत वृषाली खिडकीबाहेर बघत बसली. सोपानरावांनी दोनदा विचारलं, "काय म्हनली म्हातारी?" ती म्हणाली, काही नाही. फ्लॅटपाशी रुपालीनं आधी दारात नारळ फोडला आणि मग, कुणी सांगितलं नसताना, खाली येऊन माझ्या बॉनेटवर हळदीकुंकू लावलं. "चांगल्या पायगुणाची गाडी आहे," म्हणाली. माझ्या आयुष्यातलं पहिलं हळदीकुंकू! वारा आला तर उडून जाईल म्हणून मी वाट बघत राहिले. ते उडालं नाही.

त्या दिवसापासून वृषाली फोनवर सांगायला लागली. तिला ते जमत नाही. आधी घसा खाकरते, मग ओढणीचं टोक पिळते. "एक सांगायचं होतं... आमची गाडी आधी शववाहिनी होती." मोबाइल कानापासून जरा लांब धरते, जसं काही तो चावणार आहे.

"शुभ कामाला फोन केला आणि हे काय बोलता, बाई!" असं म्हणून एकानं ठेवून दिला. एकीनं फक्त "अगं बाई!" म्हटलं, आणि मग नुसता टुंटूं आवाज. एक निवृत्त मास्तर मात्र हसले. "चालेल हो, आमचा सोफासेट तसाही कधीच गेलेला आहे." भिंगारच्या बाईंनी विचारलं, फ्रिज उभाच येईल ना? उभाच येईल म्हटल्यावर त्यांना बाकी काही ऐकायचं नव्हतं.

"धंदा बशिवनार हायस तू," सोपानराव चिडले. "कुनी इचारलंय का तुला?"

"आजींनी विचारलं होतं, पप्पा. तीनदा."

 कामं निम्म्याहून कमी झाली. हमाल दुसरीकडे जायला लागले. मी उभी राहते, माझ्या टायरखाली गवत उगवतं. मला अपराधी वाटतं, की मी दुसरं काही असते, पावाची गाडी असते, तर या पोरीला असा घसा खाकरावा लागला नसता.

सध्या पितृपक्ष चालू आहे. फोन येणार नाही म्हणून वृषाली निवांत ओट्यावर शेंगा सोलत होती, आणि फोन वाजला. ती दचकली. शेंगा सांडल्या. अनोळखी नंबर.

तिनं घसा खाकरला. "शुभारंभ शिफ्टिंग. हे बघा, एक आधीच सांगते, आमची गाडी..."

"ठाव हाय मला," पलीकडून आवाज आला. सोपानरावांनाही ऐकू जाईल एवढा मोठा. "भागीरथी बोलतीय. मला हितं करमत न्हाई. ना अंगन, ना मानूस. मी आन माजं कपाट, दोगं परत चाललो राहात्याला. कानिफ तयार झालाय एकदाचा."

"आजी... आता? पितृपक्षात?"

"मग कवा? त्येंचाच तर पंधरवडा हाय." मग तिनं विचारलं, "गाडी तीच हाय न्हवं? दुसरी धाडू नगंस."

"तीच आहे, आजी."

"मग मी मागं बसंन."

फोन ठेवल्यावर वृषाली बराच वेळ शेंगा गोळा करत बसली. एकेक शेंग, डोळे पुसत. सोपानराव उठले, घरात गेले आणि ग्राइंडर घेऊन आले. "म्हातारी मागं बसनार. त्येवडी गाठ घासून घेतो, धक्का नको बसाया."

वृषाली एकदम उभी राहिली. पुन्हा सगळ्या शेंगा सांडल्या.

"पप्पा, गाठ राहू द्या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ग्राइंडर खाली ठेवला. मग बादली आणली. आता बापलेक मला धुताहेत.

लाज गेली म्हणाल तर गेलेली नाही. उद्या सकाळी ऊन तिरकं येईल तेव्हा माझ्या अंगावरची जुनी अक्षरं पुन्हा वर येतील आणि मी पुन्हा आकसेन. तुम्हाला कधी रस्त्यात दिसले, तर हात जोडू नका. माझं घर हलवायला ही नको, असं म्हणालात तरी मी समजून घेईन. फक्त तोंड तेवढं फिरवू नका. तुमच्यापैकी कुणाचा तरी हात त्या दांडीवर असेल आणि मला तो आठवत नसेल. मागच्या दाराशी या, मला सांगा.

निघते. सावेडीला जायचंय. गतिरोधक बरेच आहेत वाटेत.