एकविसावा नंबर

मित्रांनो, नंबराच्या चिठ्ठ्या देणारा एक जुना डबा आहे मी. अंग लाल पत्र्याचं, पोटात कागदाचं भेंडोळं, पुढे एक बटण. दाबलं की चिठ्ठी बाहेर. जन्मलो कारखान्यात, पण शहाणा झालो दवाखान्यात. तिथे रोज सकाळी एकपासून सुरुवात व्हायची. कोटवाला असो की तुटक्या चपलेचा, आधी येईल त्याचा नंबर आधी. एक आजोबा एकदा म्हणाले होते, "या डब्याला वशिला कळत नाही." आयुष्यात माझं झालेलं हे एवढंच कौतुक. पुढे दवाखान्यात नंबर दाखवणारा नवा पडदा आला आणि मला विकून टाकलं.

घेतलं कोणी, तर कर्ज देणाऱ्या एका कचेरीनं. दारावर हा मोठा फलक: 'रोज पहिल्या वीस जणांना निम्म्या व्याजात कर्ज!' मी हरखलो. म्हटलं, इथे आपली खरी गरज आहे. पण पहिल्याच सकाळी, शटर उघडायच्या आत, साहेबांनी माझं झाकण काढलं, आकड्यांची चाकं फिरवली आणि एकवीसवर आणून ठेवली. मग रोज हेच. त्या कचेरीत एक ते वीसमधला एकही नंबर मी कधी कोणाला दिला नाही. फलक मात्र रोज पुसून चकाचक.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई तिथे आल्या. त्यांना दवाखान्याच्या गणवेशांचं मोठं काम मिळत होतं, पण काजं करायचं मशीन घेतलं तरच. निम्म्या व्याजाचा हप्ता झेपणार होता, पुऱ्या व्याजाचा नाही. रांगेत भेटेल त्याला त्या हे सांगत होत्या. पहिल्या दिवशी चोविसावा नंबर आला. थोडक्यात हुकलं म्हणून बिचाऱ्या हळहळल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच पायरीवर येऊन बसल्या. शटर त्यांच्यासमोर उघडलं, आत पहिलं पाऊल त्यांचं. बटण दाबलं आणि मी निर्लज्जासारखा एकवीस पुढे केला.

ताईंनी ती चिठ्ठी साहेबांपुढे धरली. साहेब गोड हसून म्हणाले की वीस जणांनी फोनवरच नंबर लावलेत, आता आलाच आहात तर नेहमीच्या व्याजानं घ्या, उद्याचा काय भरवसा. गणवेशांचं काम हातचं जायची वेळ आली होती. ताईंनी सही केली. मला तोंड असतं तर साहेबांना तिथेच शिव्या घातल्या असत्या.

ताई गप्प बसल्या नाहीत, त्यांनी तक्रार केली. एके सकाळी एक तपासणी अधिकारी बाई त्यांना घेऊन दारात उभ्या. बाईंनी स्वतः बटण दाबलं. एकवीस! फोनवाल्या वीस जणांपैकी एकाचं तरी नाव दाखवा, म्हणाल्या. साहेबांनी वही शेवटपर्यंत उलटली, नाव एकही निघालं नाही. मग बाईंनी नियम ऐकवला: जी सवलत द्यायचीच नाही, ती दाखवून गिऱ्हाईक आत ओढता येत नाही. दंड झाला, फलक उतरला. माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात ताईंनी विचारलं, "मग माझं व्याज आता निम्मं होणार ना?"

बाई म्हणाल्या, "नाही हो ताई. दंड जाहिरातीबद्दल झाला. कर्जावर सही तुमची आहे. त्यासाठी वेगळी तक्रार, वेगळ्या कचेरीत."

ताईंनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "तिथे नंबर कितीपासून सुरू होतो?"

बाईंनी मला उचलून गाडीत ठेवलं.

आता मी पुरावा म्हणून एका कपाटात पडून आहे. अंगावर धूळ बसली आहे, बसू दे. माझी कीव करू नका, मित्रांनो. असला फलक दिसला, तर आत जाण्याआधी विचारा की हे आजवर कोणाला मिळालं. एक माणूसही दाखवता आला नाही, तर मुकाट्यानं घरी जा. ताईंना हे सांगायला कोणी नव्हतं. त्या अजून मान मोडून काजं करताहेत, आणि कमाई साहेबांच्या घरी जाते आहे.